कॅमेरा नको, आधी सिनेमा लहान करा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"मी आठवीच्या वर्गाला भाषा शिकवते. वर्गात चाळीस मुलं आहेत. गेल्या वर्षी आम्ही माझ्या फोनवर पंधरा मिनिटांचा एक सिनेमा केला. सुरुवातीला मुलं हरखून गेली होती, पण पुढे सगळं काम पाच-सहा चुणचुणीत मुलांनीच केलं आणि बाकीची भिंतीला टेकून उभी राहिली. सिनेमा दाखवला तेव्हा निम्मे संवाद कुणाला कळले नाहीत. एडिटिंग मी सुट्टीत, घरी, एकटीने केलं. यंदा मुलं पुन्हा मागे लागली आहेत. मुख्याध्यापक विचारतात, अभ्यासक्रमाचं काय? शाळेकडे यासाठी पैसे नाहीत, पदरचे थोडे घालायची माझी तयारी आहे. आठवड्याला दोन मोकळे तास मिळतील. बरा कॅमेरा घेऊ का? की हा नादच सोडून देऊ?
— एक शिक्षिका"

नमस्कार ताई,

नाद सोडू नका. आणि कॅमेराही घेऊ नका.

तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत. बरीच मुलं रिकामी राहिली, संवाद ऐकू आले नाहीत आणि एडिटिंग तुमच्या एकटीच्या गळ्यात पडलं. यातली एकही तक्रार चित्र वाईट आलं अशी नाही. तुमच्या फोनने त्याचं काम चोख केलं आहे. महागाचा कॅमेरा आणलात तर उलट होईल. 'पडेल, सांभाळून' म्हणत तो पुन्हा त्याच दोन भरवशाच्या मुलांच्या हातात जाईल.

मला अडचण दिसते ती त्या पंधरा मिनिटांत. एक शॉट सरासरी सहा सेकंदांचा धरला तरी पंधरा मिनिटांना दीडशे शॉट लागतात. प्रत्येकाचे दोन-तीन टेक, म्हणजे तोच शॉट पुन्हा पुन्हा टिपणं. एवढा पसारा मुलांना झेपत नाही, मग तो तुम्ही उचलता. काम उरकायची घाई झाली की ज्याला पटकन जमतं त्यालाच आपण पुढे करतो. हे कुणीही शिक्षक करेल. त्यामुळे कात्री लावायची ती मुलांच्या सहभागाला नाही, सिनेमाच्या लांबीला लावा.

यंदा एक मोठा सिनेमा करू नका. पाच-पाच मुलांचे आठ गट पाडा. प्रत्येक गटाचा एक मिनिटाचा सिनेमा, आणि त्यात शॉट सहा. सहा म्हणजे सहाच. सातवा हवा असेल तर आधीचा एक गाळायचा. मुलं यावर खूप भांडतात, आणि ते भांडण मला फार मोलाचं वाटतं, कारण कुठल्या चित्राशिवाय गोष्ट कळेल आणि कुठल्याशिवाय कळणार नाही याचा विचार त्यांना तेव्हाच करावा लागतो.

गटात कामं पाच: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, पाटी आणि सातत्य. पाटीवाल्याने गट क्रमांक, शॉट क्रमांक आणि टेक लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरायची आणि टाळी वाजवायची. सातत्यवाल्याने दप्तर कुठल्या खांद्यावर होतं, बाही दुमडलेली होती का, हे वहीत टिपायचं. दर शॉटनंतर सगळ्यांची कामं बदलायची. शॉट सहा आणि कामं पाच, म्हणजे प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी एकदा तरी दिग्दर्शक होते. दिग्दर्शकाच्या शब्दाबाहेर त्या शॉटपुरतं कुणी जायचं नाही, तुम्हीसुद्धा. तुम्हाला चूक दिसत असली तरी थांबा. पडद्यावर ती त्यांना स्वतःलाच दिसेल.

मग अभिनय कोण करणार? दुसऱ्या गटातली मुलं. ही अदलाबदल मी आग्रहाने सुचवते. नट गटातलाच असला की गटातलं सर्वांत लोकप्रिय मूल सहाही शॉट कॅमेऱ्यासमोर राहतं आणि बाकीचे त्याच्या मागे फिरतात. बाहेरून नट आला की त्याला गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि सांगताना ती कुठे लंगडी पडते ते गटाच्या लक्षात येतं.

पहिले दोन आठवडे गोष्ट हा विषयच काढू नका. या चार तासांत नुसता सराव करा.

पहिल्या तासाला सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंचा नियम घ्या. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले, ते प्रत्येकी जेमतेम पन्नास सेकंदांचे होते, कारण त्यांच्या यंत्रात साधारण सतरा मीटरचीच फिल्म मावत असे. कॅमेरा एका जागी ठेवलेला, कट नाही. मुलांनाही तेच सांगा. फोन एका ठिकाणी ठेवा, पन्नास सेकंद चालू ठेवा, मध्ये हात लावायचा नाही. प्रत्येक गटाला एकच संधी. त्यामुळे फोन कुठे ठेवायचा हे ठरवायलाच त्यांचा बहुतेक वेळ जाईल, आणि जाऊ द्या. तास सुटण्याआधीचं दार, नळाभोवतीची गर्दी, फळा पुसणारा हात. पन्नास सेकंद किती मोठे असतात हे मुलांना यातून कळतं. मग 'एका मिनिटात काय होणार' असं कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या तासाला जोडणी. लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख. वर्गात हे करायला एका मुलाचा शांत चेहरा पाच सेकंद टिपा. मग वेगळ्या गटांकडून वेगळ्या वस्तू टिपून घ्या: निकालपत्र, तुटलेली पट्टी, खिडकीबाहेरचं मैदान. चेहरा, वस्तू, पुन्हा चेहरा असं एकापाठोपाठ दाखवा आणि विचारा, हा काय विचार करतोय? उत्तरं ऐकताना मुलंच चकित होतात. डोळे मोठे करून, कपाळाला हात लावून करायचा अभिनय यानंतर आपोआप कमी होतो. शाळेतल्या सिनेमांना त्या अभिनयाने फार छळलेलं असतं.

उरलेले दोन तास गंमतीचे ठेवा. जॉर्ज मेलिएस हा जुना फ्रेंच चित्रपटकार मुळात रंगमंचावरचा जादूगार. त्याची युक्ती घ्या. कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावर माणूस गायब. याला फोन न हलवता ठेवण्याची शिस्त लागते, बाकी काही नाही. वस्तू आपोआप सरकताना दाखवायची असेल तर एकेक फोटो काढत जा. सेकंदाला बारा फोटो पुरतात, म्हणजे दहा सेकंदांना एकशेवीस. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेता आलं तर आणखी छान. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल उभं करण्यासाठी जो लहानसा चित्रपट दाखवला होता, त्यात कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा होतो एवढंच होतं. महिनाभराहून जास्त काळ ते एकाच जागेवरून थोडं थोडं चित्रण करत राहिले. वर्गाच्या खिडकीतल्या कुंडीवर हे आजही करता येतं, आणि त्याला नट लागत नाहीत की संवाद.

आता गोष्ट. माझ्याकडून तीन अटी घ्या. पात्रं दोन किंवा तीन. जागा शाळेतलीच. संवाद तीन वाक्यांच्या आत, आणि एकही नसला तर उत्तम. गेल्या वर्षी संवाद ऐकू आले नाहीत, त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संवादांवरचा भार काढून घेणं.

एक उदाहरण मांडून दाखवते. वर्गात नवी मुलगी आली आहे, तिला बसायला जागा हवी आहे. पहिला शॉट तिच्या पाठीमागून, दारातून: तिचं दप्तर, तिच्या पलीकडे भरलेला वर्ग. दुसरा तिच्या चेहऱ्याचा, नजर एका बाकाकडे. तिसरा त्या बाकाचा: रिकाम्या जागेवर कुणाचा तरी हात दप्तर ठेवतो. चौथा पुन्हा तिचा चेहरा, आता नजर खाली. पाचवा शॉट दुसऱ्या एका बाकावरच्या वह्यांचा, कोणीतरी त्या हळूच आपल्याकडे ओढून घेतं. सहावा लांबून, दोघी एका बाकावर, तास सुरू आहे. एकही वाक्य नाही. दप्तर ठेवणाऱ्याचं तोंड दिसत नाही, वह्या ओढणारीचंही शेवटपर्यंत दिसत नाही. तरी दोन माणसं कशी आहेत ते कळलं. हे सहा शॉट फळ्यावर सहा चौकोनांत, काड्यांच्या माणसांनी काढून दाखवा आणि मग विचारा, तिसरा शॉट काढून टाकला तर? चौथा आणि पाचवा उलटे केले तर? तो अख्खा तास त्यातच जाईल. नंतर गट आपापले सहा चौकोन काढतील. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही, पण चौकोन कागदावर उतरल्याशिवाय फोन हातात द्यायचा नाही.

एक विनंती. सिनेमाच्या शेवटी संदेशाची पाटी झळकू देऊ नका. 'झाडे लावा', 'वेळेचे महत्त्व' वगैरे. मुलं हे मोठ्यांना आवडतं म्हणून करतात. त्यांच्या डोक्यात खरं काय चाललेलं असतं? कोणी खेळायला घेतलं नाही, हरवलेलं पेन दुसऱ्याच्या कंपासात दिसलं, बहिणीने वर्गासमोर ओळख दाखवली नाही. ते बाहेर यायला जागा हवी, आणि संदेश लिहायला सुरुवात झाली की ती जागा जाते. 'यातून काय शिकायला मिळतं' हा प्रश्न निदान या दहा आठवड्यांत तुम्ही विचारू नका.

मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पटकथेचा एक कठोर नियम असतो. जे दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच लिहायचं. 'राहुल दुःखी होता' हे वाक्य पटकथेत चालत नाही, कारण कॅमेऱ्याला दुःख दिसत नाही. राहुल काय करतो? डबा उघडतो आणि न खाता बंद करतो. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी मुलाला जे शोधावं लागतं, ते निबंधाच्या तासाला आपण वर्षानुवर्षं मागत असतो. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यातली भावना सांगणारी वाक्यं अधोरेखित करायला लावा आणि ती अशा दृश्य वाक्यांत बदलून घ्या. त्या वह्या मुख्याध्यापकांसमोर ठेवा. सिनेमा होण्याच्या कितीतरी आधी त्यांना लेखनातला फरक दिसेल. त्यांना अंदाजही लेखी द्या: दोन आठवडे सराव, दोन आठवडे लेखन आणि चौकोन, चार आठवडे चित्रण (एका तासाला एक गट), एक आठवडा जोडणी, एक दाखवण्यासाठी. एक गट चित्रण करत असताना त्याच खोलीत बाकीचे शांतपणे आपली पटकथा सुधारत बसतील. 'शांतता' ही हाक चाळीस जणांना एकाच वेळी लागू असते, आणि आपल्या चित्रणाच्या वेळी आपल्यालाही ती लागणार हे माहीत असल्यामुळे मुलं ती पाळतात.

पदरचे पैसे घालायचेच असतील तर आवाजावर घाला. कपड्याला लावायचा साधा वायरचा कॉलर माइक पुरे. घेण्याआधी तो तुमच्या फोनला जोडला जातो की नाही ते तपासा. तोही नको असेल तर दुसरा फोन. सहकाऱ्याचा जुना, तडा गेलेला चालेल. त्यावर फक्त आवाज मुद्रित करायचा आणि तो फोन बोलणाऱ्याच्या हातभर जवळ, चौकटीच्या जरा बाहेर धरायचा. गेल्या वर्षी तुमचा फोन बोलणाऱ्यांपासून वर्गाच्या अर्ध्या लांबीवर असणार. अंतर निम्मं केलं की बोलण्याचा थेट आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, भिंतींवरून येणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तीन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलात तर फरक प्रचंड आहे, आणि तो फुकट मिळतो. पाटीवाल्याची टाळी इथे कामाला येते. एडिटिंग करताना चित्रातले हात जुळण्याचा क्षण आणि आवाजातला टाळीचा ठोका एकत्र ठेवला की दोन्ही जुळतात.

पंखे बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. प्रत्येक जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज मुद्रित करून ठेवा. दोन शॉटच्या मधला आवाजाचा खड्डा त्याने भरतो. निवेदन असेल तर ते नंतर लहान खोलीत, भोवती दप्तरं आणि जाड कापडं ठेवून करा.

चित्राबद्दल फार सांगायला नको. काच रुमालाने पुसा, फोन आडवा धरा, झूम करण्याऐवजी पुढे चालत जा. नट खिडकीकडे तोंड करून किंवा खिडकीच्या बाजूला उभा करा, पाठ खिडकीकडे असली की चेहरा काळा पडतो. चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारी वाटली तर पांढरा कार्डशीट जवळ धरा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधले जातात, म्हणजे मधेच चित्र उजळत-मावळत नाही. तिवई नसेल तर पुस्तकांचा ढीग किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी. दोन पात्रं समोरासमोर असतील तर दोघांना जोडणारी एक रेषा कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.

एडिटिंग यंदा तुमच्या घरी जाता कामा नये. शॉट सहाच आहेत आणि ते गोष्टीच्या क्रमाने टिपायचे, हा नियम त्यासाठीच. मग जोडणी म्हणजे पाटी कापणं, मागची-पुढची शेपटं छाटणं आणि सहा तुकडे ओळीने लावणं. शाळेतल्या संगणकावर शॉटकट किंवा ओपनशॉट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर घाला. दोन्ही मोफत आहेत आणि जुन्या यंत्रावरही एका मिनिटाच्या कामाला सहसा पुरतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती जास्त ताकदीची, पण तिला संगणकही ताकदीचा लागतो, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका. आवाज साफ करायला ऑडॅसिटी आहे, तेही मोफत. संगणकावर बसण्याआधी गटाने कागदावर लिहून आणायचं: शॉट एक, टेक दोन, दप्तर खाली ठेवल्यावर कट. हा कागद असला की एका गटाचं काम अर्ध्या तासाच्या आत होतं. माउस मुलांच्या हातात राहू द्या. त्यांचा हात तुमच्यापेक्षा सावकाश चालेल, आणि कधीकधी कट चुकीच्या जागी पडेल. तसाच ठेवा.

संगीतासाठी चित्रपटातली गाणी घेऊ नका. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय गाणं ओळखीचं असलं की प्रेक्षक चित्र बघायचं सोडून गाणं गुणगुणतात. बाक वाजवता येणारी मुलं वर्गात असतातच. त्यांच्याकडून करून घ्या.

जागेचा हिशेब आधी करा. फोनचं साधं एचडी चित्रण मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा घेतं. आठ गट, सहा शॉट, तीन टेक, प्रत्येक टेक पंधरा सेकंदांचा धरला तर छत्तीस मिनिटं होतात, म्हणजे पाच जीबीच्या आत. दर तासानंतर सगळं संगणकावर उतरवा, गटाच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये.

दाखवताना प्रत्येक सिनेमा दोनदा दाखवा. पहिल्यांदा झाल्यावर करणाऱ्या गटाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी काय कळलं ते सांगायचं. गटाला जे म्हणायचं होतं त्यापेक्षा वेगळंच कुणाला कळलं तर चर्चेला तिथूनच सुरुवात करा. मग दुसऱ्यांदा. गुण द्यावेच लागणार असतील तर सिनेमाला देऊ नका. सहा चौकोनांना, सातत्याच्या वहीला आणि 'हा शॉट मी इथे का ठेवला' यावर प्रत्येकाने लिहिलेल्या पानाला द्या. भिंतीला टेकून उभं राहणाऱ्या मुलांची पानं मी आधी वाचेन.

पालकांच्या परवानगीचं पत्र मात्र पहिल्याच आठवड्यात घरी पाठवा. चित्रण कशासाठी आहे, कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार, हे चार-पाच ओळींत लिहा. चित्रण शाळेबाहेर जाणार नाही, समाजमाध्यमांवर टाकलं जाणार नाही, असं स्पष्ट सांगितलंत तर होकार सहज मिळतात. ज्या घरून नकार येईल त्या मुलाला कॅमेऱ्यासमोर न येताही पाचही कामं करता येतात. मुलाला वाटलं आणि घरच्यांचीही हरकत नसली तर फक्त हात किंवा फक्त आवाजही देता येतो. नकाराचं कारण त्याला वर्गात विचारू नका. सह्या येईपर्यंतचा सराव वस्तूंवर, दारांवर आणि व्हरांड्यांवर करून घ्या, आणि चेहऱ्याचा प्रयोग ज्यांची सही आली आहे त्यांच्यावर.